मुक्त वजने की यंत्रे?

स्नायुवर्धनासाठी मुक्त वजने श्रेष्ठ की यंत्रे, हा वाद व्यायामशाळांतून नित्य चालतो. परंतु स्नायूला भाराचे साधन कळत नसून केवळ त्याजवर पडणारा ताण कळतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या वादाचा निम्मा निकाल आपोआप लागतो.

मुक्त वजने : डंबेल, बारबेल किंवा आपल्या तालमीतील मुद्गल हाती घेतले असता तोल सावरण्याची जबाबदारी सर्वस्वी उचलणाऱ्यावर येत असल्यामुळे, मुख्य स्नायूंसमवेत सांधे स्थिर राखणारे साहाय्यक स्नायूही कामास लागतात. भारोत्तोलन स्पर्धेतील बारबेलची नुसती दांडीच पुरुषांसाठी २० आणि स्त्रियांसाठी १५ किलोची असते. म्हणून नवशिक्याने जाणत्या उस्तादाच्या नजरेखालीच आरंभ करावा, हे इष्ट.

यंत्रे : हालचालीचा मार्ग येथे मुक्रर असल्याने एकाच स्नायूवर लक्ष केंद्रित करता येते, आणि मदतनीस नसतानाही तो पुरता थकेपर्यंत श्रम करण्याची मुभा मिळते. अमेरिकेच्या आर्थर जोन्स यांनी १९७० च्या सुमारास प्रचारात आणलेल्या ‘नॉटिलस’ यंत्रात शंखाकृती चाकाच्या योगे भार हालचालीच्या टप्प्यागणिक बदलण्याची तजवीज होती.

तात्पर्य : श्रम समान असल्यास स्नायूंची वाढ दोहोंनी जवळजवळ सारखीच होते, ताकद मात्र ज्या साधनावर सराव केला त्यावरच अधिक प्रकट होते; यास्तव आरंभी, शरीर ताजे असताना, मुक्त वजने आणि अखेरीस यंत्रे असा क्रम ठेवून भार हळूहळू वाढवीत जाणे, हाच हितावह मार्ग होय.