कयाक खाडीतच उतरवा

मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी. कयाकवरून गळ टाकायचा तर खाडीची बाजूच उत्तम. इथे लाटा फोडत बाहेर पडावं लागत नाही आणि खडकांच्या, कांदळवनाच्या कडेला तांबोशी, जिताडा मिळण्याची आशा असते.

जागा निवडताना ओहोटीला एकदा चालत जाऊन बघा. चिखल किती, खडक कुठे, परतताना कयाक ओढायला वाळू आहे का? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जबर असते. अष्टमीच्या भांगाला पाणी बरंच शांत. सकाळचा मतलई वारा समुद्राकडे ढकलतो, हेही ध्यानात ठेवा.

खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या तोंडाशी ओहोटीत जाऊच नका. लाइफ जॅकेट घाला, आणि उतरण्याआधी तिथल्या मच्छीमारांना जरूर विचारा.