ढगाळलं की जिऱ्याच्या मालकाची झोप उडते

मेसच्या वरणावर तडतडणारं जिरं कुठून येतं, कधी विचार केलाय? बहुतेक वेळा गुजरात, नाहीतर राजस्थान. मेहसाणा जिल्ह्यातलं उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. नोव्हेंबरात पेरायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. जेमतेम चार महिन्यांचं पीक, पण एवढं नाजूक की राजस्थानच्या एका लोकगीतात बायको नवऱ्याला विनवते, धनी, बाकी काहीही पेरा, जिरं नको.

तिचं चुकत नाही. कांद्यावरचा करपा, हरभऱ्यातला मर रोग, द्राक्षावरची भुरी हे शब्द शेतकऱ्याच्या घरातून कॉलेजला आलेल्यांना नवे नाहीत. जिऱ्यामागेही हीच तीन नावं लागलेली असतात. बुरशी मात्र वेगवेगळ्या. भुरीला राजस्थानात 'छाछ्या' म्हणतात, पानांवर ताक शिंपडल्यासारखं दिसतं म्हणून! ती वेळेत दिसली तर गंधकावर आटोक्यात येते.

करप्याचं तसं नाही. गुजरातेत त्याला 'काळियो' म्हणतात. पीक फुलावर आलंय, दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं आणि हवेत दमटपणा, एवढं त्याला पुरतं. बारीक डाग काळपट होत जातात, दाणा भरतच नाही. या बुरशीचं वर्णन उप्पल, पटेल आणि कामत यांनी 1938 मध्ये केलं. त्यातले उप्पल पुण्यात मुंबई सरकारचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. म्हणजे या गोष्टीत आपलंही थोडं गाव आहे.

करपा दिसल्यावर पंप उचलणं म्हणजे पेपर सुटल्यावर अभ्यासाला बसणं. म्हणून मँकोझेबची पहिली फवारणी साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी, रोग दिसायच्या आधीच करतात. पानं शेपूसारखी, दोऱ्याएवढी. थेंब टिकत नाही, त्यामुळे द्रावणात चिकट द्रव्य घालावं लागतं. आणि ढगाळ दिवसांत पाणी द्यायचं नाही. ऐकायला सोपं आहे, पण पाण्याची पाळी नेमकी त्याच दिवशी आलेली असेल तर? शिवाय परदेशात जाणाऱ्या मालात औषधाचा अंश तपासतात. जास्त मारलं तर माल परत येतो, कमी मारलं तर शेत काळं पडतं. मला तरी यातला खरा अवघड भाग हाच वाटतो.

मर रोग जमिनीत दबा धरून बसतो, वर्षानुवर्षं. रोपं ठिकठिकाणी माना टाकतात, शेतात टक्कल पडल्यासारखं दिसतं. एकदा लागण झाली की वरून मारलेलं औषध फारसं कामाचं नाही. तयारी पेरणीआधीच हवी: बियाण्याला बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा चोळणं, पीक फिरवणं, आणि मर सोसणारं 'गुजरात जिरं 4' हे वाण. (करप्यापुढे मात्र तेही हात टेकतं.)

जोधपूरच्या काझरी या केंद्रीय संस्थेतलं काम तर भन्नाट आहे. मोहरीचा पाला किंवा पेंड मातीत मिसळायची आणि उन्हाळ्यात एक पाणी द्यायचं. मोहरी कुजताना तिच्यातली झणझणीत द्रव्यं वायुरूपात सुटतात, वरून वाळवंटातलं ऊन. मर रोगाची बुरशी बरीच कमी होते. फोडणीत जिऱ्याच्या आधी पडणारी मोहरी शेतातही आधी जाते म्हणायची.

अडचण बाजाराची आहे. 2023 मध्ये ऐन काढणीत अवकाळी पाऊस झाला आणि त्या वर्षी उंझ्यात भाव क्विंटलला 50 हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात जो तो जिरं पेरायला धावला. कृषी विद्यापीठ सांगतं, त्याच रानात निदान तीन वर्षं जिरं नको. समोर तो भाव दिसत असताना, अंगावर कर्ज असताना, तुम्ही थांबला असता का?