छापेचा लौकिक आणि यंत्राची विश्वसनीयता

रायपूर शहरातील पंडरी या भागाचा कापडबाजार छत्तीसगढात प्रसिद्ध आहे. कापड खरेदी करणारे गिऱ्हाईक ते उलगडून पाहते, चिमटीत धरून त्याचा पोत अजमावते, उजेडासमोर धरून वीण किती घट्ट आहे याचा अंदाज घेते आणि मगच भावाची भाषा करते. कापडाचे सर्वच गुण अशा रीतीने कळतात असे नाही. रंग पक्का आहे की कच्चा, हे धुतल्यावाचून समजत नाही. तथापि बहुतांशी डोळे आणि बोटे हीच येथे परीक्षेची साधने असतात. रेफ्रिजरेटर, धुलाईयंत्र किंवा मोटारगाडी विकत घेताना मात्र या साधनांचा काहीच उपयोग होत नाही. आतला कॉम्प्रेसर आठ वर्षे चालेल की आठ महिने, हे दार उघडून आणि मिटून कळत नाही. अशा वेळी ग्राहक दारावर लावलेल्या अक्षरांकडे, म्हणजेच छापेकडे वळतो. जी परीक्षा त्याला स्वतः करता येत नाही, ती त्या नावाने त्याच्यासाठी आधीच केलेली आहे, असे तो मानतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण अशा एका वस्तूपायी सामान्य कुटुंबाची कित्येक महिन्यांची बचत खर्ची पडत असते.

विश्वसनीयता म्हणजे काय?

व्यवहारात ‘चांगली वस्तू’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. अभियांत्रिकीमध्ये विश्वसनीयतेची व्याख्या याहून काटेकोर आहे. ठरावीक परिस्थितीत, ठरावीक कालावधीपर्यंत, ठरावीक कार्य बिनबिघाड पार पाडण्याची संभाव्यता म्हणजे विश्वसनीयता होय. या व्याख्येतील कार्य, काल आणि परिस्थिती या तीन अटींपैकी एक जरी गाळली, तरी उरलेल्या विधानाला फारसा अर्थ राहत नाही.

यंत्र अनेक भागांचे बनलेले असते ही गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. एखाद्या यंत्रात शंभर भाग असून त्यांपैकी एकही बिघडला तर यंत्र बंद पडते, असे समजा. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची संभाव्यता शंभरात नव्याण्णव असली, तरी संपूर्ण यंत्र वर्षभर चालण्याची संभाव्यता शंभरात अवघी ३७ भरते. तीच प्रत्येक भागाची संभाव्यता हजारात ९९९ इतकी वाढविली, तर यंत्राची संभाव्यता शंभरात ९० होते. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन यंत्रांत तिळमात्र फरक दिसणार नाही. तो फरक भागांच्या निवडीत, जोडणीच्या काटेकोरपणात आणि कारखान्यातील तपासणीत दडलेला असतो.

बिघाडांचेही आयुष्यक्रमानुसार तीन प्रकार पडतात. यंत्र नवे असताना जोडणीतील दोष उघडकीस येतात, म्हणून आरंभी बिघाडांचे प्रमाण अधिक असते. त्यानंतर दीर्घ काळ ते कमी आणि बहुधा स्थिर राहते. शेवटी भाग झिजू लागले की ते पुन्हा वाढते. या आलेखाचा आकार न्हाणीघरातील टबाच्या छेदासारखा दिसतो. पहिल्या वर्षीच्या अनुभवावरून दहाव्या वर्षाविषयी अनुमान काढणे का चुकीचे ठरते, हे या आलेखावरून स्पष्ट होते.

लौकिक मागे का राहतो?

लौकिक हा भूतकाळाचा हिशेब असतो. दहा वर्षे उत्तम चाललेल्या यंत्राची कीर्ती आज पसरते; परंतु आज दुकानात मिळणारे यंत्र ते नसते. त्यात नवे विद्युत्परिपथ, नवे शीतकारक द्रव्य, नव्या पुरवठादाराकडून आलेले भाग असू शकतात. नाव तेच राहते, यंत्र बदलते.

उलट बाजूनेही असेच घडते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू माल, असा समज जगभर रूढ होता. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानी अभियंत्यांपुढे गुणनियंत्रणावर व्याख्याने दिली आणि पुढील वर्षी त्यांच्या नावाचे पारितोषिक तेथे सुरू झाले. जपानी कारखान्यांतील गुणवत्ता सुधारत गेली. पण जगाचे मत बदलण्यास बराच काळ जावा लागला. मधल्या काळात जुन्या मतावर विसंबणाऱ्या ग्राहकाने स्वतःचेच नुकसान करून घेतले असले पाहिजे.

याच इतिहासात परिस्थितीच्या अटीचेही उत्तम उदाहरण सापडते. टोयोटा कंपनीने १९५७ साली आपली ‘क्राउन’ मोटार अमेरिकेस पाठविली. जपानमधील खडबडीत रस्त्यांवर ती दणकट ठरली होती. अमेरिकेतील महामार्गांवरील सततच्या वेगाला मात्र तिचे इंजिन पुरे पडेना आणि काही वर्षांतच तिची तेथील विक्री थांबवावी लागली. एका देशात मिळविलेला लौकिक दुसऱ्या देशात आपोआप लागू पडत नाही, हे त्यावरून दिसून आले.

एकच गाडी, दोन नावे

नावाचा आणि यंत्राचा संबंध तपासण्यासाठी सर्वांत सोयीची परिस्थिती म्हणजे एकच यंत्र दोन नावांनी विकले जाणे. अशी परिस्थिती बाजारात प्रत्यक्ष निर्माण झालेली आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे टोयोटा आणि जनरल मोटर्स यांचा एक संयुक्त कारखाना होता. १९८४ पासून २०१० पर्यंत तो चालला. तेथे ‘टोयोटा कोरोला’ आणि ‘जिओ प्रिझम’ या जवळजवळ सारख्याच मोटारी तयार होत. कामगार तेच, यंत्रसामग्री तीच. तरीही वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात कोरोलाला अधिक किंमत मिळे. ही वाढीव किंमत लोखंडाची नव्हे, तर नावाची होती, असेच म्हणावे लागेल.

भारतातही २०१९ पासून ‘मारुती सुझुकी बलेनो’ आणि ‘टोयोटा ग्लांझा’ या भावंडांसारख्या मोटारी विकल्या जात आहेत. दोन्ही गुजरातमधील सुझुकीच्या कारखान्यातून बाहेर पडतात. घरगुती उपकरणांत हा प्रकार आणखी व्यापक आहे. अंबर एंटरप्रायझेस या कंपनीच्या कारखान्यांत अनेक प्रसिद्ध नावांचे एसी तयार होतात. अर्थात नावाला काहीच मोल नाही असा निष्कर्ष यावरून काढणे उतावीळपणाचे ठरेल. निराळ्या नावाबरोबर निराळी हमी, निराळे सेवाकेंद्र आणि तपासणीचे निराळे निकष येऊ शकतात. ग्राहक नावासाठी जादा पैसे देतो तेव्हा त्याला नेमके काय मिळते, हे त्याने विचारून घ्यावे, एवढाच याचा अर्थ.

टिकणे आणि दुरुस्त होणे

लौकिकात दोन भिन्न गुणांची सरमिसळ होते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली ‘पद्मिनी’ मुंबईची टॅक्सी म्हणून दशकानुदशके धावली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय केवळ तिच्या न बिघडण्याला देता येत नाही. बिघडली तरी ती गल्लीतल्या मिस्त्रीकडे थोडक्या खर्चात दुरुस्त होत असे आणि तिचे सुटे भाग सर्वत्र मिळत. न बिघडणे हा एक गुण आणि सहज दुरुस्त होणे हा दुसरा. ग्राहकाला दोहोंची गरज असते, परंतु एकावरून दुसरा सिद्ध होत नाही.

शिवाय जी जुनी यंत्रे आज चालू दिसतात, ती मुळात टिकून राहिलेली असतात. त्यांच्याबरोबर विकली गेलेली आणि केव्हाच भंगारात गेलेली यंत्रे कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात. ‘पूर्वीच्या वस्तू अधिक टिकाऊ होत्या’ या उक्तीत सत्याचा अंश असेलही. पण ती केवळ वाचलेल्यांच्या साक्षीवर उभी आहे.

वीस घरांची साक्ष

बहुतेक खरेदी आप्तेष्टांच्या सांगण्यावरून होते. या साक्षीचे वजन गणिताने काढता येते. एखाद्या छापेच्या शंभर यंत्रांपैकी पाच यंत्रे दोन वर्षांत बिघडतात असे धरू. एका ग्राहकाच्या ओळखीत अशी वीस यंत्रे असतील, तर त्यांतील एकही न बिघडण्याची संभाव्यता सुमारे ३६ टक्के, आणि निदान एक तरी बिघडण्याची ६४ टक्के. म्हणजे त्याच यंत्राविषयी एका वस्तीत ‘अगदी निर्दोष’ आणि दुसऱ्या वस्तीत ‘फसवे’ असे मत तयार होईल, आणि दोन्ही मते प्रामाणिक असतील! याउलट शंभरात दहा बिघडणाऱ्या, म्हणजे दुप्पट वाईट छापेची वीसही यंत्रे निर्वेध चालण्याची संभाव्यता १२ टक्के राहतेच. वीस घरांच्या अनुभवावरून चांगल्या-वाइटाचा निवाडा होत नाही. त्यासाठी हजारो यंत्रांची नोंद लागते.

अशा नोंदी काही देशांत पद्धतशीरपणे ठेवल्या जातात. अमेरिकेत १९३६ साली ग्राहकांच्या संघटनेने ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे नियतकालिक सुरू केले; ते वाचक-ग्राहकांकडून बिघाडांची माहिती गोळा करून मोटारी व उपकरणे यांच्या विश्वसनीयतेची तुलना प्रसिद्ध करते. जर्मनीत मोटारींच्या सक्तीच्या तपासणीत आढळलेल्या दोषांचा वार्षिक अहवाल निघतो. महाराष्ट्रात १९७४ च्या सुमारास बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायत आणि १९७५ साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी ग्राहकांना संघटित केले. मोटारींच्या बाबतीत १ एप्रिल २०२१ पासून भारतात सक्तीने गाड्या परत बोलाविण्याचे नियम लागू झाले. वार्षिक विक्रीच्या विशिष्ट प्रमाणात तक्रारी आल्यास कारवाई व्हावी, असे तत्त्व त्यांत आहे. हे तत्त्व शास्त्रीय दृष्ट्या योग्य आहे. केवळ तक्रारींचा आकडा काही सांगत नाही. अधिक खपाच्या गाडीविषयी तक्रारीही अधिकच येणार. तक्रारींना विक्रीने भागले पाहिजे.

खुणा काय सांगतात?

यंत्रावर छापेखेरीज इतरही चिन्हे असतात. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेची जागा १९८७ साली भारतीय मानक ब्यूरोने घेतली. तिचे ‘आयएसआय’ चिन्ह वस्तू विहित मानकास उतरते हे सांगते. विजेच्या उपकरणांत सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व फार मोठे आहे. २००६ पासून दिसू लागलेले तारे विजेच्या वापरातील काटकसर दर्शवितात. परंतु यांपैकी कोणतेही चिन्ह यंत्र किती वर्षे टिकेल याची ग्वाही देत नाही. पाच तारे असलेला एसी वीज कमी खाईल; तो अधिक वर्षे चालेलच असे नव्हे.

रायपूरच्या ग्राहकाने तर परिस्थितीची अट विशेष लक्षात ठेवावी. एसीची शीतनक्षमता मोजताना बाहेरचे तापमान सामान्यतः ३५ अंश सेल्सिअस धरतात. रायपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. विद्युत्‌निरोधक द्रव्याचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. शहरालगतच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत पोलादाचे अनेक कारखाने आहेत. हवेतील धूळ एसीच्या बाहेरच्या जाळीवर बसली की उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो आणि कॉम्प्रेसर अधिक तापतो. विजेचा दाब उतरल्यासही मोटर जादा प्रवाह ओढून तापते. तेव्हा वेळोवेळी धुतलेली जाळी आणि चांगला स्टॅबिलायझर यांचा यंत्राच्या आयुष्यावर होणारा परिणाम हा छापेच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरू शकतो.

न्यायासनापुढे नाव

छत्तीसगढच्या राज्य ग्राहक तक्रार निवारण आयोगाच्या निकालपत्रांवर पत्ता आढळतो तो याच पंडरीचा. सामान्य फ्रिज किंवा मोटारीची तक्रार प्रथम जिल्हा आयोगापुढे जाते आणि अपील राज्य आयोगाकडे येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. २०१९ च्या कायद्यानुसार वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरविता येत नसेल, तर नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागविण्याची तरतूद आहे. प्रयोगशाळा वस्तू तपासते. तिची छाप किती नामांकित आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. मोठे नाव हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे, आणि अप्रसिद्ध नाव हा दोषाचा पुरावा नव्हे.

मग लौकिक निरुपयोगी मानावा काय? तसेही नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, वस्तूचा दर्जा केवळ विक्रेत्यालाच ठाऊक असतो अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. हमी आणि नाव हे त्यावरील उपाय होत. कारण ज्याला नाव आहे त्याच्याजवळ गमावण्यासारखे काही असते. लौकिक ही अशा रीतीने एक सूचना आहे. ती ऐकावी, पण तपासाचा आरंभ म्हणून. कंपनीच्या नावाऐवजी विशिष्ट नमुन्याची चौकशी करावी. हमीपत्रातील कालावधी आणि वगळलेले भाग वाचावेत, कारण आपल्या मालावर उत्पादकाचा स्वतःचा किती विश्वास आहे हे तेथे दिसते. सेवाकेंद्र गावात आहे की दूरच्या शहरात, हे पाहावे. पावती जपून ठेवावी. कापड पारखणारी बोटे यंत्राच्या आत पोहोचत नाहीत. तेथे पोहोचण्यास मोजणी, नोंद आणि परीक्षण हीच साधने उपयोगी पडतात.