बाळंतीण : तिचें शरीर आणि तिचें मन

घरांत बाळंतपण यावयाचें असलें, कीं महिनाभर आधींपासून डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा यांची जमवाजमव सुरू होते. जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं शिवलीं जातात. अंग रगडावयास येणाऱ्या बाईशीं बोलणें होतें. ही तयारी आम्हांस मनापासून आवडते. नऊ महिने भार वाहिलेल्या बाईनें कांहीं आठवडे निवांत पडावें, तिच्या हातीं आयतें ताट यावें, असें आपल्या पूर्वजांस वाटलें यांत शहाणपण आहे. आयुर्वेदानें सूतिकेचा काळ सामान्यतः दीड महिन्याचा मानिला. आजचें प्रसूतिशास्त्रही सहा आठवड्यांचाच हिशेब धरतें.

त्या काळांत शरीरांत काय घडतें, हें मात्र घरांतील थोड्यांनाच ठाऊक असतें. प्रसूतीनंतर गर्भाशय बेंबीच्या सुमारास हाताला लागतो व त्याचें वजन जवळजवळ १ किलो असतें. दोन आठवड्यांत तो ओटीपोटांत उतरतो आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास ६०-७० ग्रॅमांवर येतो. मूल अंगावर पीत असतां पोटांत कळ येते ती या आकुंचनाची. वार जेथून सुटली तेथें आंत उघडी जखमच असते. ती भरेपर्यंत चार ते सहा आठवडे स्राव चालतो. ही जखम कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, म्हणून “सुटली एकदांची!” असें म्हणून आपण मोकळे होतों.

परंपरेंतील कांहीं गोष्टी मात्र निःसंकोच टाकाव्या. कोंडलेल्या खोलींत बाजेखालीं शेगडी आणि वर धुरी, हा प्रकार आईस व बाळास सारखाच घातक आहे. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी पुरे. पाणी तोडणें तर त्याहून वाईट. दूध पाजणाऱ्या बाईस तहान अधिक लागते आणि ती भागलीच पाहिजे. पहिला चीक पिळून टाकूं नये. विश्रांति म्हणजे बाजेला खिळणें नव्हे. पाय न हलल्यानें पोटरीच्या शिरेंत रक्ताची गुठळी होण्याचें भय असतें. लाडू अवश्य द्यावे, पण ते लोहाच्या गोळ्यांची जागा घेत नाहींत. त्या गोळ्या प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यावयाच्या असतात. ताप, दुर्गंधी स्राव, तासाभरांत घडी भिजून जाणें, असह्य डोकेदुखी व डोळ्यांपुढें अंधारी, एकाच पायास सूज, धाप, यांपैकीं कांहीं दिसलें तर मुहूर्त न पाहतां डॉक्टरांकडे जावें.

आतां मनाविषयीं. तिसऱ्या ते पांचव्या दिवशीं बहुतेक बाळंतिणींस अकारण रडूं येतें. वार पडतांच शरीरांतील अंतःस्राव एकदम उतरतात, झोप मोडलेली असते. यांत लाडावलेपणा कांहींच नाहीं. जुन्या घरांतून हेच दिवस सोयेराचे असत. म्हणजे जवळ कोणी बसावें अशी नेमकी निकड असतांना तिला कोणी शिवत नसे! हें रडूं दोन आठवड्यांत ओसरतें. तें ओसरलें नाहीं, मूल निजलें तरी हिला झोप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, ‘मी आई होण्यास नालायक आहें’ असें ती म्हणूं लागली, तर तो आजार समजावा. गोव्यांत विक्रम पटेल प्रभृति संशोधकांनीं केलेली पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं २३ टक्के मातांत हा आजार आढळला. दारिद्र्य आणि पतिपत्नींतील बेबनाव यांच्या जोडीला मुलगी होणें हेंही त्याच्या कारणांत निघालें. पेढ्यांऐवजीं बर्फी वाटतांना ज्या घरांत चेहरे उतरतात, त्यांनीं हें वाक्य पुनः वाचावें. क्वचित्, हजारांत एकदोघींस, पहिल्या पंधरवड्यांतच भ्रम होतो, भलतेसलते भास होतात. अशा वेळीं अंगाऱ्याधुपाऱ्यांत एक रात्रही घालवूं नये.

खरी कसोटी पुढें असते. माहेरीं आई असते, तेलपाणी असतें. तिसऱ्या महिन्यांत ती सासरीं परतते आणि सारें एकाएकीं थांबतें. येणारा-जाणारा बाळाला पाहतो, हिला कोणी विचारीत नाहीं. सासूबाईंनीं या वेळीं एवढें करावें: रोज सलग चार तास तिला झोपूं द्यावें आणि बाळाचें वजन विचारण्याआधीं तिची प्रकृति विचारावी. यजमानांनीं रात्रीं उठून दुपटें बदलल्यानें कुलाचारास बाध येत नाहीं. मानसिक त्रासांत सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनीसेवा (क्रमांक १४४१६) २०२२ पासून मोफत मिळते. घरांतील कोणीही विचारूं शकतो.

आणखी एका बाळंतिणीची आठवण आम्ही देतों, जिची मांडी रिकामी राहिली तिची. आनंदीबाई जोशी यांचें मूल त्यांच्या चौदाव्या वर्षीं दहा दिवसांत गेलें. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधास विषय घेतला तो हिंदूंतील प्रसूतिशास्त्राचा. अशा बाईस घरांत कोणी लाडू देत नाहीं, ऊन पाणी काढीत नाहीं; जणूं ती बाळंत झालीच नाहीं. परंतु तिचा गर्भाशय तसाच आकसतो, जखम तशीच भरावयाची असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं दूधही येतें. तें दाटून दुखूं लागलें तर थंड पट्ट्या ठेवाव्या, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि तिलाही पुरता सव्वा महिना, तेलपाण्यासह व आयत्या ताटासह, द्यावा.