पावसाळ्यातील खुराडे आणि बुरशी

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव संत शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे सर्वपरिचित आहे. या पंचक्रोशीत सोयाबीन, तूर व कपाशी पिकविणाऱ्या कास्तकाराच्या परसात दहावीस कोंबड्या असणे ही जुनीच रीत होय. खुराड्यालगत दोडका, कारले किंवा वाल लावून वेल वर चढवून देण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. उघडिपीच्या दिवसांत ही सावली कोंबड्यांना मानवते. परंतु श्रावणात तोच वेल छपरावर दाट पसरतो, वारा अडवितो, ऊन आत येऊ देत नाही. आणि खाली अंथरलेले कुटार ओलसर राहून त्यावर हिरवट-करडी लव धरते. ही लव म्हणजेच बुरशी. लहान पिलांना ती जीवघेणी ठरते.

पिलू दिवसभर पायांनी कुटार उकरीत असते. त्यातून उडणारे बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासाबरोबर त्याच्या फुप्फुसात शिरतात व तेथेच वाढू लागतात. असे पिलू चोच उघडून धापा टाकते, पंख पाडून कोपऱ्यात बसते, दाणा सोडते आणि दोनचार दिवसांत मरते. ‘मानमोडी आली’ असे म्हणून पुष्कळ लोक दैवाला दोष देतात. वस्तुतः मानमोडी एका पक्ष्यापासून दुसऱ्यास लागते. बुरशीचा रोग तसा लागत नाही, तो अंथरणातून किंवा खाद्यातून येतो. मेलेले पिलू पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन तपासून घ्यावे. फुप्फुसात बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळसर गाठी आढळल्यास बुरशीचा संशय बळावतो. रोग जडल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून सारी भिस्त आधीच्या काळजीवरच आहे.

पहिली काळजी कुटाराची. सोयाबीनची काढणी चालू असताना परतीचा पाऊस पुष्कळदा गाठतो आणि गंजी भिजते. वरचा थर उन्हाने वाळून सोनेरी दिसतो. आत हात घातला म्हणजे ऊब व कुबट वास जाणवतो. असे कुटार खुराड्यात मुळीच घालू नये. ते पुन्हा वाळवून वापरावे असे अनेकांना वाटते, पण हा समज घातक आहे. कारण वाळलेली बुरशी मरत नाही, उलट तिची धूळ अधिकच उडते. भाताचा तूस, लाकडाचा कोरडा भुसा किंवा कोरडे राहिलेले कुटार दोनतीन इंच जाडीने पसरावे. अंथरणाची मूठ दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे असे समजावे. गोळा हलकेच फुटला तर ठीक. अंथरण रोज खालीवर करावे व पाण्याच्या भांड्याभोवतालचे भिजलेले अंथरण त्याच दिवशी काढून टाकावे. भांडे विटांवर ठेवल्यास सांडलवंड पुष्कळ कमी होते.

काळ्या जमिनीत ओल खालून चढते. याकरिता खुराड्याचे जोते मुरूम ठोकून फूट-दीड फूट उंच करावे व भोवती चर काढावा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी आणि छपराची वळचण तीन फूट बाहेर काढावी. बाजू गोणपाटाने कायमच्या झाकणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे होय. पडदे पाऊस येताच सोडावेत व थांबताच गुंडाळावेत. वेल तोडण्याचे मात्र कारण नाही. घरच्या दोडक्यावर पाणी सोडा, असे कोणत्याही गृहिणीला सांगून ते पटणारही नाही! खुराड्यापासून चारपाच हात अंतरावर वेगळा मांडव घालून वेल त्यावर न्यावा, म्हणजे त्याच्या आळ्यातील पाणी जोत्याशी मुरणार नाही आणि गळलेली पाने छपरावर कुजणार नाहीत.

खाद्याविषयीही तितकेच दक्ष राहिले पाहिजे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील विष त्यास कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले व त्या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ साली गुजरात व राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशीयुक्त मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष शिजविल्यानेही पुरते नाहीसे होत नाही. तेव्हा ‘माणसाला चालत नाही, कोंबड्यांना चालेल’ म्हणून काळवंडलेला मका किंवा कुबट पेंड त्यांच्यापुढे टाकू नये. पोते भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवावे आणि पावसाळ्यात आठवड्यापुरतेच खाद्य आणावे.

बुरशी लागलेले अंथरण काढताना आधी पिले दुसरीकडे हलवावीत, अंथरणावर पाण्याचा हलका शिडकावा करावा व नाकातोंडाला फडके बांधावे. कारण ही धूळ माणसाच्या छातीलाही अपायकारक आहे. काढलेला माल घरापासून दूर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकून मातीने झाकावा. रिकाम्या जमिनीवर विझलेला चुना भुरभुरावा, खुराडे दोनतीन दिवस उन्हावाऱ्याला उघडे ठेवावे, आणि जमीन पूर्ण कोरडी झाल्यानंतरच नवे अंथरण घालून पिले आत सोडावीत.