वारा कुठून येतोय?

कोडियाकच्या डोंगरउतारावर बसलेल्या शिकाऱ्याच्या खिशात काडतुसांइतकीच मोलाची एक वस्तू असते. पांढऱ्या बारीक भुकटीची, बोटभर उंचीची प्लास्टिकची बाटली. थोड्या थोड्या वेळानं तो ती दाबतो, भुकटीचा फवारा कुठे सरकतो ते बघतो आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावतो. समोरच्या अंगाला, किलोमीटरभर अंतरावर, अस्वल चरतंय. एवढ्या लांबून निश्चल बसलेला माणूस त्याला दिसायचा नाही. पण वारा फिरला आणि माणसाचा वास तिकडे पोचला, की दिवसभराची मेहनत पाण्यात.

कोडियाक हा अलास्काच्या दक्षिण किनाऱ्याजवळचा द्वीपसमूह. इथली तपकिरी अस्वलं गेल्या हिमयुगाच्या अखेरीला, सुमारे १२,००० वर्षांपूर्वी, मुख्य भूमीवरच्या आपल्या भाऊबंदांपासून तुटली. मोठा नर ६०० किलोच्या पुढे जातो. १९४१ साली अमेरिकेनं त्यांच्यासाठी इथे अभयारण्य राखलं, आणि तिथे परवाना घेऊन शिकारही चालते. वसंतातला हंगाम १ एप्रिल ते १५ मे. अस्वलं साडेतीन हजारांच्या आसपास, वर्षाला मारली जातात ती साधारण १८०.

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत मचाण असतं, हाकारा असतो. इथे उघड्या उतारावर तासन्‌तास दुर्बीण लावून बसायचं आणि मग वारा तोंडावर घेत, ओढ्याच्या आडोशानं, दबकत जवळ जायचं. एप्रिलमध्ये आल्डरच्या झुडपांना पानं नसतात, म्हणून काटक्यांच्या जाळीतूनही अस्वलाची पाठ दिसते. पालवी फुटली की तीच झुडपं अख्खं जनावर गिळून टाकतात.

या दिवसांतलं अस्वल बिळातून बाहेर आलेलं असतं, पण त्याचं शरीर अजून पुरतं जागं झालेलं नसतं. अलास्का विद्यापीठात ऑइविन्ड टोइएन आणि सहकाऱ्यांनी काळ्या अस्वलांची शीतनिद्रा आतून मोजली आणि २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. झोपेत अस्वलांचं तापमान ३० ते ३६ अंश सेल्सियसमध्ये वरखाली होत होतं. म्हणजे अंग फारसं थंड पडलं नव्हतं, तरी चयापचय मात्र विसाव्याच्या वेळच्या एक चतुर्थांशावर उतरला होता. हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ वर आले होते. खरं आश्चर्य पुढेच आहे. बाहेर आल्यावर तापमान पूर्ववत झालं, अस्वलं हिंडूफिरू लागली, पण चयापचय आणखी दोन-तीन आठवडे निम्म्यावरच राहिला. चालतंफिरतं जनावर, आणि आतला बंब अजून मंद आचेवर! महिनोन्‌महिने पोटात अन्न नाही, पाणी नाही, मलमूत्र नाही. एरवी मूत्रावाटे बाहेर जाणाऱ्या युरियातला नायट्रोजन हे शरीर परत प्रथिनं बनवायला वापरतं. म्हणून पाच-सहा महिने पडून राहूनही त्याचे स्नायू फारसे झिजत नाहीत. आपण आठवडाभर अंथरुणाला खिळलो तर पायांची काय गत होते ते आठवून पाहावं.

म्हणून वसंतातलं अस्वल रमतगमत असतं. किनाऱ्यालगतचा कोवळा लव्हाळा खातं, हिवाळ्यात मेलेलं हरीण सापडलं तर त्यावर बसतं, मग बर्फाच्या पट्ट्यावर पसरून झोपतं. नवख्या माणसाला वाटतं, हे सुस्त आहे, जाऊ सरळ. पण सुस्ती नाकात नसते. त्या लांब मुस्कटाच्या आत कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. शिरलेली हवा त्या पापुद्र्यांवरून फिरते, आणि पापुद्रे जितके जास्त तितकी गंध टिपायला जागा जास्त. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं की माणसाला धडकी भरते. बहुतेक वेळा ते हल्ल्यासाठी नसतं. नाक उंच नेऊन वरची हवा हुंगायची असते, नीट बघायचं असतं.

आता वाऱ्याचं. रात्रभर गारठलेली जड हवा पहाटे उतारावरून खाली वाहते. ऊन पडून उतार तापला की तीच हवा वर चढू लागते. या दोन्हींच्या मधला काळ सर्वांत दगाबाज. सूर्यावर ढग आला तरी भुकटी उलटी फिरते. ‘आता नको, वारा ठरू दे,’ हे वाक्य म्हणून जाणत्या वाटाड्याच्या तोंडी सतत असतं. अस्वलांनाही वारा वापरता येतो. कॅनडात हडसन उपसागरावरच्या ध्रुवीय अस्वलांच्या हालचाली वाऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा भक्ष्य शोधताना ती बरेचदा वाऱ्याला आडवी चालतात असं २०१७ मध्ये दिसलं. आडवं चाललं की जास्तीत जास्त गंधरेषा ओलांडल्या जातात. म्हणजे उतारावर माग काढणारा एकटा शिकारीच नाही.

एप्रिल आपल्याकडेही अस्वलाचाच महिना आहे. मेळघाटात, गडचिरोलीत पहाटे मोहाची फुलं वेचायला बायामाणसं निघतात, त्याच फुलांवर अस्वलही येतं. आपलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. इथलं शहाणपण कोडियाकच्या अगदी उलट: जथ्यानं जा, बोलत जा, त्याला तुमची चाहूल लागू द्या.

कोडियाकच्या उतारावर अस्वलापासून दोनशे मीटरवर पोचल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. नर की मादी? एकटी, की पिल्लांची आई? बिळातून आधी नर निघतात आणि नव्या पिल्लांच्या आया सर्वांत शेवटी, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नर जास्त दिसतात. पिल्लांसोबतची मादी मारायला कायद्यानं बंदी आहे. पण पिल्लं आल्डरच्या जाळीत झोपलेली असली तर? चांगला शिकारी इथे तासभर नुसता बसून राहतो. मादी मान वळवून मागे बघते का, कुणासाठी थांबते का, ते न्याहाळतो. मला स्वतःला भिंतीवरच्या कातड्यासाठी इतका देखणा जीव मारणं पटत नाही. तरी त्या तासभराच्या बघण्याबद्दल मला आदर आहे, कारण त्यावर पुढचं फार काही अवलंबून असतं. घाईनं आई मारली गेली, तर जाळीत वाट पाहणारी पिल्लं भुकेनं मरतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतानं १९९९ मध्ये काळ्या अस्वलांची वसंतातली शिकार बंद केली, तेव्हा अनाथ पिल्लांचा मुद्दा ऐरणीवर होता. २०१४ पासून ती टप्प्याटप्प्यानं परत सुरू झाली.

बंदुकीचा परिणाम गोळी लागलेल्या जनावरापाशी थांबत नाही. स्वीडनमध्ये अस्वलांची शिकार शरद ऋतूत होते, पण तिथल्या संशोधकांना जे दिसलं ते कुठल्याही हंगामाला विचार करायला लावेल. प्रौढ नर मारला गेला की त्याच्या मुलखात नवा नर शिरतो आणि दुसऱ्याची पिल्लं मारतो. पिल्लं गेली की आई लवकर माजावर येते. दुसरं निरीक्षण याहून चटका लावणारं आहे. तिथे पिल्लांसोबतच्या मादीला संरक्षण आहे, त्यामुळे एकटी मादी गोळीला बळी पडण्याची शक्यता तिच्या चौपट. परिणाम असा, की पिल्लांना दीड वर्षांनी वेगळं करणाऱ्या आया मरत गेल्या आणि अडीच वर्षं जवळ ठेवणाऱ्या मागे उरल्या. जास्तीचं वर्ष देणाऱ्या आयांचं प्रमाण २००५ ते २०१५ या दहा वर्षांत ७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं.

कोडियाकला शिकाऱ्याला कातडं आणि कवटी वन्यजीव खात्याकडे न्यावी लागते. तिथे मोजमाप होतं आणि सुळ्यामागचा एक लहानसा दात काढून घेतला जातो. दाताच्या मुळावर दरवर्षी सिमेंटमचा एक थर चढतो आणि हिवाळ्यात त्यावर गडद रेघ उमटते. पातळ काप करून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या वलयांसारखं वय मोजता येतं. मिनेसोटातल्या काळ्या अस्वलांच्या दातांवर १९९२ मध्ये दोन संशोधकांनी त्यापुढचं वाचून दाखवलं. ज्या वर्षी मादीनं पिल्लं वाढवली, त्या वर्षीचा थर अरुंद असतो. दूध पाजताना शरीराकडे दातासाठी फारसं काही उरत नाही. काचपट्टीवर तांदळाहून लहान काप, त्यात एक रुंद थर, एक अरुंद, पुन्हा रुंद, पुन्हा अरुंद.