कडकनाथाचीं पिलें ओळखावीं कशीं?

झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसास २०१८ सालीं भौगोलिक निर्देशन मिळालें. या जातीच्या पिलांस भाव चांगला येतो. म्हणूनच केवळ काळा रंग पाहून तीं विकत घेऊं नयेत, असें आम्ही शेतकरीबंधूंस सुचवितों. ऑस्ट्रेलियांतील ऑस्ट्रलॉर्प जातीचीं पिलेंही पाठीवर काळींच असतात. मात्र त्यांचें पोट पिवळसर पांढरें, आणि कातडी व तळपाय पांढरट असतात. कडकनाथाच्या पिलाची लव निळसर अथवा काळी असून पाठीवर वेड्यावांकड्या गडद रेघा दिसतात. कातडी, चोंच व पाय काळसर असतात. यास्तव फुंकर घालून लव बाजूस सारावी व खालील कातडी पाहावी. पिलूं वाढूं लागल्यावर तुरा व जीभ जांभळट दिसलीं पाहिजेत.

परंतु एवढ्यानें पूर्ण खात्री होत नाहीं. कातडीचा काळेपणा हा प्रबळ आनुवंशिक गुण असल्यामुळें संकरित पिलांतही तो उतरतो. अशीं पिलें जगतील, वाढतीलही. पण पुढील पिढींत शुद्ध वाण राहणार नाहीं. म्हणून शक्य तेथें पिलांचे मायबाप असलेला कळप स्वतः पाहावा, व मगच पैसे द्यावेत.